देवनागरी टॅटू, दीड वर्षानंतर: 'छ'च्या पोटातली जागा कुठे गेली?

मनगटाच्या आतल्या बाजूस 'स्वच्छंद' हा शब्द बारीक रेषेत गोंदवून घेतल्याला आता दीड वर्ष होत आले आहे. गेल्या महिन्यात टचअपवरून, म्हणजे जुन्या टॅटूवर पुन्हा सुई फिरवून घेण्यावरून, स्टुडिओशी वाद झाला, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. स्वच्छता, माझ्यासमोर फोडलेल्या नव्या सुया, जखम भरून येणे, यांबाबत माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती 'छ'च्या पोटातल्या मोकळ्या जागेबद्दल.

शब्दाची लांबी अडीच सेंटिमीटरही नाही आणि अक्षरांची उंची जेमतेम सहा मिलिमीटर आहे. पहिले काही महिने अक्षरे छापल्यासारखी सुबक दिसत होती. नंतर आधी अर्ध्या 'च'ची पोकळी अरुंद झाली, मग 'छ'चे दोन्ही वळसे भरले आणि शेवटी अनुस्वार शिरोरेखेला टेकला. आज हातभर अंतरावरून पाहिले, तर 'स्व' आणि 'द' यांच्या मधोमध केवळ एक काळसर पुंजका दिसतो.

सुरुवातीला मला वाटले, की कलाकाराने सुई फार खोल नेली असावी. मात्र सुई डर्मिसच्या, म्हणजे शाई जिथे राहायला हवी त्या त्वचेच्या आतल्या थराच्या, पलीकडे चरबीच्या थरात गेली, तर रेषेभोवती निळसर धूसर छटा सहसा काही दिवसांतच दिसू लागते. माझ्या टॅटूत ती कधीच नव्हती. रंगकण त्वचेतील भक्षक पेशींनी गिळलेले असतात आणि अशी पेशी मेली, की सुटलेले कण तिच्या जागी आलेली दुसरी पेशी गिळते, हे फ्रेंच संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले आहे. शाई इतक्या हातांतून जात राहते हे वाचल्यावर रेषा हळूहळू जाड होण्याचे नवल वाटेनासे झाले आणि कलाकाराच्या हाताबद्दलचे माझे मतही बदलले. हात उत्तम होता. आराखडाच त्वचेसाठी केलेला नव्हता. रेषा फुगणार हे ज्याला रोजच्या कामातून ठाऊक आहे, त्याने स्टेन्सिल (आराखड्याचा त्वचेवर उमटवायचा ठसा) लावतानाच 'हे जोडाक्षर या आकारात टिकणार नाही' असे सांगायला हवे होते.

त्यातच टचअप मोफत मिळेल असे तोंडी सांगितलेले असताना, मुदत संपल्याचे कारण देऊन माझ्याकडे मूळ किमतीच्या निम्मे पैसे मागण्यात आले, आणि तेही रेषा आणखी गडद करून देण्यासाठी! बुजलेली पोकळी आणखी शाई घालून उघडत नाही, हे उघड आहे. मी पैसे दिले नाहीत आणि हातही पुढे केला नाही.

आईच्या मावशीच्या हातावर साठ वर्षांहून जुने गोंदण आहे: तुळशी वृंदावन आणि त्याभोवती ठिपक्यांची ओळ. रेषा दुपटीने जाडावल्या आहेत, काळा रंग हिरवट निळा झाला आहे, तरीही वृंदावनाचा प्रत्येक टप्पा वेगळा ओळखू येतो, कारण दोन ठिपक्यांमध्ये गोंदणारणीने ज्वारीच्या दाण्याएवढी जागा सोडलेली आहे. तिने ठिपका फुगण्याची सोय आधीच करून ठेवली होती. इतकी समज मला महागड्या स्टुडिओच्या आराखड्यात आढळली नाही.

त्यामुळे देवनागरी अक्षरे गोंदवून घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की रेषेच्या नाजूकपणावर भाळण्याआधी तिच्या आतली जागा मोजून घ्यावी. 'छ', 'ध', 'भ', 'क्ष', 'श्री' यांच्या पोकळ्या आणि अनुस्वार व शिरोरेखा यांमधील अंतर किमान दोन मिलिमीटर ठेवायला लावावे; त्यासाठी अक्षर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच करावे लागले तरी चालेल, अन्यथा जागा बदलून दंडावर जावे. आराखडा खऱ्या आकारात छापून, त्यावरच्या प्रत्येक रेषेवर जाड स्केचपेन फिरवून पाहावा: पोकळी बुजली, तर तो आराखडा परत करावा. कलाकाराकडे ताज्या कामाची छायाचित्रे मागण्यात अर्थ नाही, कारण त्या दिवशी प्रत्येक रेषा सुरेखच दिसते. किमान दोन वर्षे जुन्या कामांची मागावीत, आणि ती दाखवण्यास टाळाटाळ झाली तर आगाऊ रक्कम देऊ नये.

लेझरने रंग फिका करून त्यावर मोठा शब्द काढून घेण्याचा खर्च मूळ टॅटूच्या कितीतरी पट आहे, म्हणून तो विचार मी सोडला आहे. दुचाकीवर मनगट उन्हात राहते, त्यामुळे सनस्क्रीन मात्र नियमित लावतो. बुजलेला 'छ' त्याने उघडणार नाही. 'स्व' आणि 'द' अजून वाचता येतात, तेवढे तरी गडद राहावेत.