ट्रेन टू बुसान की पेनिन्सुला?

परवा भाचा दांडिया बाजारातल्या घरी आला आणि म्हणाला, "मामा, शनिवारी एकच बघायचाय, कुठला बघू?" दोन्ही कोरियन झोंबीपट, म्हणजे माणसांवर तुटून पडणाऱ्या चालत्या प्रेतांचे सिनेमे, आणि दोन्ही दिग्दर्शक येओन सांग-हो यांचेच. पहिला २०१६चा, दुसरा २०२०चा. लांबी सारखीच, दोन तासांच्या आत, म्हणजे वेळेवरून काही ठरत नाही.

भीतीत पहिला कितीतरी पुढे. सोलहून सुटलेली गाडी, अरुंद डबे, मधे काचेची दारं, पळायला जागाच नाही. झोंबींना अंधारात दिसत नाही, म्हणून बोगदा आला की माणसं पुढे सरकतात. तेवढा वेळ मी अजूनही श्वास रोखून बसतो. बडोदा-अहमदाबाद रोज ये-जा करणाऱ्याला तर तो डबा फारच जवळचा वाटेल. पेनिन्सुलात पहिल्याच्या गोष्टीनंतर चार वर्षांनी उजाड पडलेलं शहर, पैशांनी भरलेला ट्रक आणि रात्रीचे पाठलाग आहेत. पण ते पाठलाग संगणकावर केलेत हे डोळ्यांना कळतं, आणि झोंबी नुसते चिरडायला उरतात.

माणसांचं म्हणाल तर पहिल्यातला आपमतलबी बाप मुलीपायी बदलत जातो, ते मनात घर करतं. दुसऱ्यात गाडी हाकणारी धीट मुलगी तेवढी लक्षात राहिली. ताईला मात्र पहिल्याचा शेवट सोसत नाही. ती दुसराच लावते.

दुसऱ्याची पात्रं वेगळी आहेत, त्यामुळे क्रम चुकला तरी अडत नाही. मित्रांसोबत गोंगाटात मारधाड हवी असेल तर पेनिन्सुला. घाबरायचं आणि रडायचंही असेल तर ट्रेन टू बुसान. भाच्याला मी तोच सांगितला.