छातीशी राहणारा कॅमेरा : ओएम-५ आणि ७५-३०० लेन्सची जोडी

पाठीवर सॅक घेऊन दोन-तीन दिवस रानावनात पायी हिंडणारा माणूस, मग तो शिकारीला निघालेला असो वा केवळ प्राणी-पक्षी पाहायला, हलका कॅमेरा शोधताना बहुधा बॉडीचे वजन पाहतो आणि तिथेच फसतो. वजन खरे असते ते लेन्सचे. माझ्याकडे आधी फुल-फ्रेम बॉडी (चित्र टिपणारा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असलेली) आणि लांब झूम लेन्स होती आणि दोन्ही मिळून पावणेतीन किलोंच्या आसपास भरत. चित्रे उत्तम येत, यात शंका नाही. पण एवढे ओझे गळ्यात अडकवून चढ चढता येत नसल्यामुळे ते सॅकमध्ये जाई, आणि वळणावर हरिण समोर उभे राहिले की सॅक उतरवून, चेन उघडून कॅमेरा हाती येईपर्यंत तिथे फक्त हलणारे गवत उरलेले असे. पाचसहा वेळा असे झाल्यावर मी ठरवले की यापुढे चालताना छातीशी राहील तोच कॅमेरा घ्यायचा, आणि त्यासाठी चित्राच्या दर्जात काही सोडावे लागले तरी चालेल.

या कसोटीवर मी निवडलेली जोडी म्हणजे ओएम सिस्टिमचा २०२२ साली आलेला ओएम-५ आणि त्याच माउंटची (म्हणजे त्याच्या लेन्स-जोडणीत बसणारी) ७५-३०० मिमी, एफ/४.८-६.७ ही लेन्स. बॅटरी आणि कार्डासह बॉडी ४१४ ग्रॅम, लेन्स ४२३ ग्रॅम. म्हणजे सगळे मिळून साडेआठशे ग्रॅमच्या आत. सेन्सर मायक्रो फोर थर्ड्स या लहान आकाराचा असल्याने ३०० मिमीला मिळणारी चौकट फुल-फ्रेमवरच्या ६०० मिमीएवढी असते, आणि या आवाक्याची अदलाबदल करता येणाऱ्या लेन्सची इतकी हलकी जोडी क्वचितच मिळते. कॅननचा आर७ आणि आरएफ १००-४०० ही जोडी साधारण साडेबाराशे ग्रॅम होते. तिचा ऑटोफोकस स्पष्टपणे सरस आहे, आणि ज्याला मुख्यतः उडते पक्षी टिपायचे आहेत त्याने हे जास्तीचे चारशे ग्रॅम आनंदाने वाहावेत. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ सुमारे अकराशे ग्रॅमचा असून त्याची २४-६०० मिमीएवढ्या पल्ल्याची लेन्स बॉडीलाच जोडलेली असते. लेन्स बदलण्याची कटकट नको असेल तर तो चांगला पर्याय आहे, मात्र त्याचा एक इंची सेन्सर ओएम-५ च्या सेन्सरहूनही लहान आहे.

आता जे सोडावे लागते त्याविषयी. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचे क्षेत्रफळ फुल-फ्रेमच्या जेमतेम पाव असते, त्यामुळे त्याच ॲपर्चरला (लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र) आणि त्याच शटर स्पीडला त्यावर एकूण प्रकाशही पावच पडतो. त्यात ही लेन्स ३०० मिमीला एफ/६.७ वर येते, म्हणजे प्रकाश आणखी कमी मिळतो. रानातले बहुतेक मोठे प्राणी मात्र नेमके पहाटे आणि तिन्हीसांजेला हलतात. एका सकाळी, सूर्य अजून डोंगराआड असताना, सांबराची मादी ओढ्याच्या पलीकडे कान टवकारून उभी होती. मी गुडघ्यावर बसलो, डावे कोपर मांडीवर टेकवले, नेमबाज करतो तसा अर्धा श्वास सोडून थांबलो आणि १/१६० सेकंद, आयएसओ (प्रकाशासाठीची संवेदनशीलता) ३२०० वर चारपाच चित्रे घेतली. कानाच्या कडेचे केस सुटे दिसतात, ओल्या नाकपुडीवरची चमक दिसते. सावलीतल्या मानेवर मात्र नॉइज (दाणेदारपणा) आहे आणि तो संगणकावर काढताना केसांचा पोत थोडा पुसला जातो. आयएसओ ६४०० ही माझ्या दृष्टीने या कॅमेऱ्याची शेवटची मर्यादा आहे.

बॉडीतले स्टॅबिलायझेशन अशा वेळी फार मोलाचे ठरते. कंपनी साडेसहा स्टॉपपर्यंतचा दावा करते (एक स्टॉप म्हणजे हातात धरून दुप्पट वेळ शटर उघडे ठेवता येणे). ३०० मिमीला तेवढा लाभ गृहीत धरू नये, पण ट्रायपॉड घरी ठेवण्याइतका तो नक्कीच आहे. मात्र स्टॅबिलायझेशन आपला हात स्थिर करते, प्राण्याला नव्हे, हे नवख्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते: चरणाऱ्या हरणाची मान हलतच असते, आणि १/२५० सेकंदाच्या खाली गेल्यावर चारपैकी एखादेच चित्र धड निघेल असे धरून बर्स्ट (सलग चित्रांची मालिका) घ्यावा.

ऑटोफोकस उभ्या किंवा सावकाश चालणाऱ्या प्राण्यासाठी पुरेसा आहे. पक्षी किंवा प्राणी आपणहून ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरण्याची सोय या बॉडीत नाही. ती हवी असेल तर याच घराण्यातला ओएम-१ घ्यावा, ज्याची बॉडी ६०० ग्रॅमच्या जवळ जाते. फांद्यांच्या जाळीत बसलेल्या प्राण्यासाठी मी सर्वांत लहान फोकस बिंदू वापरतो आणि तो स्वतः डोळ्यावर ठेवतो. याची भरपाई करणारी गोष्ट म्हणजे प्रो कॅप्चर. शटरचे बटण अर्धे दाबून ठेवले की कॅमेरा चित्रे घेत राहतो, आणि बटण पूर्ण दाबल्यावर आधीची १४ चित्रेसुद्धा कार्डावर उतरतात. बगळ्याने पाण्यात चोच मारल्यावर आपले बोट दाबले गेले तरी चोच पाण्याला टेकण्याचा क्षण हाती लागतो. हे सारे इलेक्ट्रॉनिक शटरवर म्हणजे बिनआवाज चालते, आणि जवळच्या प्राण्याला बिथरू न देण्यासाठी मी या शांततेला मेगापिक्सेलपेक्षा अधिक किंमत देतो. फार वेगाने हलणारे पंख त्यात थोडे तिरके, वाकडे उमटू शकतात, एवढे लक्षात असू द्यावे.

बॉडीला आयपी५३ दर्जा आहे: पाच हा आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, तीन हा वरून आणि तिरक्या येणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचा. पण ७५-३०० ही लेन्स सील केलेली नाही, आणि सील नसलेली लेन्स लावली की बॉडीच्या दर्जाला फारसा अर्थ उरत नाही. पावसाळी भागात जाणाऱ्याने पॅनासॉनिकची १००-३०० ही दुसऱ्या आवृत्तीची, ५२० ग्रॅमची लेन्स घ्यावी. शंभर ग्रॅम वाढतात, पण ती तुषार आणि धूळ सोसते. आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानात उभे राहून कळत नाही: ओएम-५ चा चालू-बंद करण्याचा खटका वर डावीकडे आहे, त्यामुळे एका हातात काठी असली तर कॅमेरा सुरू करता येत नाही. मी चालताना तो चालूच ठेवतो आणि आपोआप झोपू देतो. मग शटरला बोट लागताच तो जागा होतो.

शिकाऱ्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्याच्या अंगावर बंदूक, दुर्बीण आणि बहुधा स्पॉटिंग स्कोप (लांबचे पाहण्याची एकनळी दुर्बीण) आधीच असतो. दूरच्या प्राण्याची शिंगे आणि वय पारखण्यापुरते चित्र हवे असेल, तर स्कोपच्या नेत्रिकेला अडॅप्टरने फोन जोडावा. त्यासाठी वेगळा कॅमेरा वाहण्याची गरज नाही. मात्र अशा जोडणीला ट्रायपॉड लागतो, वेळ लागतो आणि प्राणी स्थिर लागतो. तो प्रवास, ते रान आणि वाटेत भेटलेला प्रत्येक जीव चित्रात आणायचा असेल, तर मात्र साडेआठशे ग्रॅम सोबत घ्यावेत आणि ते वजन सॅकमधल्या दुसऱ्या कशातून तरी कमी करावे.

बॅटरी लहान आहे. प्रमाणित मोजणीनुसार एका चार्जमध्ये सुमारे ३१० चित्रे मिळतात आणि थंडीत त्याहून कमी. मी तीन दिवसांसाठी तीन बॅटऱ्या नेतो आणि रात्री त्या स्लीपिंग बॅगेत अंगाजवळ ठेवतो, तर कॅमेरा बंद पिशवीत घालून तंबूच्या थंड कोपऱ्यात, म्हणजे उबेत आणल्यावर काचेवर दव धरत नाही. पॉवर बँकेवरून बॉडीतच चार्जिंग होते, पण ओएम-५ ला जुने मायक्रो-यूएसबी आहे. २०२५ साली आलेल्या ओएम-५ मार्क २ ला यूएसबी-सी मिळाले असून वजन जवळपास तेवढेच आहे, म्हणून आज नव्याने घेणाऱ्याने तोच घ्यावा आणि एक केबल घरी ठेवावी.