युबिकी: क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात वापरून पाहिलेली

बॅलार्ड इस्टेटला आमचं क्लिअरिंग एजंटचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देण्याचं, ऑफिस आहे. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा अर्ज) भरताना डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, डोंगल रोजच लागतो, त्यामुळे ईमेलच्या लॉगिनसाठी युबिकी, म्हणजे यूएसबीत खोचायची छोटी सुरक्षा-किल्ली, आणली तेव्हा कुणाला फारसं शिकवावं लागलं नाही. काळी, चपटी, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येते. मधोमध सोनेरी गोल. पासवर्ड टाकल्यावर तो लुकलुकतो, बोट टेकवलं की लॉगिन. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. फोनवर एनएफसी (नुसतं टेकवून जोडण्याची सोय) असेल तर फोनच्या पाठीला टेकवली तरी चालते.

आमच्या धंद्यात पैसा मेलवर हलतो, म्हणून ही घेतली. परदेशी फॉरवर्डरचं (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याचं) इनव्हॉइस मेलने येतं, अकाउंट्सवाले ते बघून पैसे पाठवतात. चोर आधी कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरतो, येणारे मेल आपल्याकडेही यावेत म्हणून गुपचूप फॉरवर्डिंग लावतो आणि मोठं बिल निघेपर्यंत नुसता वाचत बसतो. मग त्याच जुन्या मेलच्या खाली उत्तर येतं: आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथे पाठवा. पूर्वी मोडकंतोडकं इंग्रजी बघून संशय यायचा. आता एआयने लिहिलेल्या मेलमध्ये बोट ठेवायला जागा नसते.

ओटीपी आहे ना, मग भीती कसली, असं पुष्कळांना वाटतं. पण बनावट लॉगिन पान तुमचा पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही त्याच क्षणी खऱ्या साइटला पुढे करतं आणि खातं चोराच्या हातात जातं. युबिकीचं खरं मोल इथे आहे. माणूस पानाचं रूप बघतो. ही की ब्राउझरकडून साइटचा पत्ता घेते आणि नोंदवलेल्या पत्त्याशी तो जुळला नाही तर उत्तरच देत नाही. गूगलने 2017 पासून आपल्या कर्मचाऱ्यांना अशा की सक्तीच्या केल्या आणि 2018 मध्ये सांगितलं, की त्यानंतर कामाचं एकही खातं फिशिंगने, म्हणजे अशा बनावट पानांच्या फसवणुकीने, गेलेलं नाही.

आमचे अकाउंट्सचे काका निवृत्तीला आलेत. मी विचारलं, "काका, जमतंय ना?" म्हणाले, "मॅडम, ओटीपी येईपर्यंत ताटकळायचो, त्यापेक्षा हे बरं."

आता उणिवा. बँकेचं नेट बँकिंग आणि जीएसटी पोर्टल अजून ओटीपीवरच चालतात, तिथे हिचा उपयोग नाही. समोरच्या पार्टीचाच मेलबॉक्स फुटला असेल तर आपली की काय करणार? त्यासाठी आमच्याकडे एकच नियम: खातं बदलल्याचा मेल आला, की आपल्या जुन्या फाइलमधल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. आवाजाचीही नक्कल होते, म्हणून फोन आपणच लावायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

रॅन्समवेअरपासूनही, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासूनही, ही वाचवत नाही. जून 2017 मध्ये रॅन्समवेअरसारख्या दिसणाऱ्या नोटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या यंत्रणा पाडल्या आणि आपल्या न्हावा शेवातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. अशा वेळी कामी येतो तो नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप. आमच्या टॅलीतल्या हिशेबाची कॉपी दर शनिवारी वेगळ्या हार्ड डिस्कवर जाते आणि ती डिस्क मग कपाटात.

घ्यायची तर माणशी दोन घ्या, एक जुडग्यात, एक तिजोरीत. हरवली तर दुसरीने आत जाता येतं. खर्च दुप्पट होतो, त्याला इलाज नाही. नुसत्या मेलसाठी युबिको या युबिकी बनवणाऱ्या कंपनीचीच स्वस्त 'सिक्युरिटी की' पुरते, महागडी 5 मालिका घ्यायची गरज नाही. फर्मवेअर (कीच्या आतलं सॉफ्टवेअर) मात्र 5.7 किंवा त्यापुढचं आहे ना, ते दुकानदाराला विचारा. त्याआधीच्या कीमध्ये 2024 मध्ये एक दोष सापडला आणि यातलं फर्मवेअर नंतर बदलता येत नाही. तो दोष वापरायला की चोराच्या हातात पडावी लागते आणि महागडी उपकरणंही लागतात, पण नवीन घेताना जुना माल कशाला घ्यायचा? आणि की लावल्यावर गूगल खात्यातला एसएमएसचा पर्याय काढून टाका, नाहीतर चोर त्याच वाटेने येईल.