बर्फातले फोटो सुधारायचे तर: स्नॅपसीड, लाइटरूम की डार्कटेबल?

हिवाळ्यात केदारकांठा, गुलमर्ग किंवा सिस्सूला जाऊन आलेल्या ग्रुपचे फोटो पाहिले की तीन गोष्टी हमखास दिसतात. डोळे दिपवणारा बर्फ फोटोत राखाडी, मळकट आलेला असतो, सावलीतला बर्फ निळा पडलेला असतो आणि माणसांचे चेहरे काळवंडलेले असतात. कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. ताजा बर्फ मात्र त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो. एवढा उजेड दिसला की कॅमेरा एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) खाली ओढतो आणि पांढऱ्याचं करडं होतं. निळेपणाचं कारणही सरळ आहे. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथल्या बर्फावर पडतो तो निळ्या आकाशाचा उजेड.

म्हणून एडिटिंगसाठी ॲप निवडताना ‘कुठल्या ॲपमध्ये जास्त फिल्टर आहेत’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. फोटो उजळ तर सगळीच ॲप्स करतात. खरा कस दोन ठिकाणी लागतो: उजळ करताना बर्फाचा पोत टिकतो का, आणि सावलीतला बर्फ उन्हातल्या बर्फापासून वेगळा हाताळता येतो का.

आधी फाइल कुठली आहे ते बघा

निम्मा निर्णय इथेच होतो. जेपेगमध्ये (दाबून लहान केलेली नेहमीची फोटो फाइल) प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या साठवलेल्या असतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमध्ये, त्या 16,384 असतात. बर्फाच्या फोटोत जवळजवळ सगळा तपशील उजळ टोकाला दाटीवाटीने बसलेला असतो, त्यामुळे हा फरक इथे जितका जाणवतो तितका हिरव्यागार सह्याद्रीच्या फोटोत जाणवत नाही. जेपेगमध्ये बर्फ एकदा कोरा पांढरा झाला की त्यातले वाऱ्याने उठवलेले तरंग परत आणता येत नाहीत. रॉमध्ये थोडी उसंत मिळते, पण तीही अमर्याद नाही.

आणखी एक, ग्रुपमधून व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली फाइल एडिटिंगला घेऊ नका. ती आधीच दाबून लहान केलेली असते. उजळवायला गेलात की बर्फाच्या सपाट भागात आणि आकाशात चौकोनी ठिगळं दिसू लागतात. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, एवढ्यानेच अर्धं काम सोपं होतं.

तिन्ही साधनं एकाच प्रकारच्या फोटोवर तोलू. केदारकांठ्याचा माथा, उंची साधारण 3,800 मीटर, सकाळची वेळ. बर्फाच्या धारेवर कोवळं ऊन, खालचा उतार अजून सावलीत, पुढे गडद जॅकेटमधली चार माणसं आणि मागे स्वर्गारोहिणी-बंदरपूंछची रांग.

स्नॅपसीड: फोनवरचे जेपेग असतील तर

गुगलचं हे ॲप फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. ‘ट्यून इमेज’मध्ये बोट वर-खाली फिरवून पर्याय निवडायचा आणि आडवं सरकवून तो कमी-जास्त करायचा. (आयफोनवर 2025 मध्ये नवी आवृत्ती आली, तिथे मांडणी वेगळी दिसेल.) बर्फासाठी क्रम असा ठेवा: आधी ब्राइटनेस वाढवा, मग धारेवरचा पोत पुसट व्हायला लागला की हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) थोडे खाली आणा. अधिक नेमकं काम हवं असेल तर ‘कर्व्हज’ वापरा. रेषेच्या मधल्या भागावर बोट ठेवून ती थोडी वर उचला, वरचं टोक मात्र जागेवर राहू द्या.

चेहऱ्यांसाठी ‘सिलेक्टिव्ह’ हे या ॲपमधलं सर्वांत उपयोगी साधन. चेहऱ्यावर एक बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान करायचं आणि ब्राइटनेस वाढवायचा. वर्तुळ बदलताना परिणाम कुठपर्यंत पोचतोय ते लाल रंगात दिसतं. मागचा बर्फ लाल झाला असेल तर वर्तुळ अजून आवळा.

सावलीतल्या निळ्या उताराशी गाठ पडली की मात्र स्नॅपसीड अडखळतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा निळा-पिवळा तोल, पूर्ण फोटोला लागू होतो. निळा काढायला गेलात की धारेवरचं ऊन पिवळं धमक होतं. यावर वाट आहे: व्हाइट बॅलन्स बदलून झाल्यावर ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जाऊन तीच पायरी उघडायची आणि ब्रश निवडून तो बदल फक्त उतारावर फिरवायचा. एका फोटोसाठी हे करता येतं. पूर्ण ट्रेकच्या फोटोंसाठी बोटं दुखतील आणि कडाही एकसारख्या येणार नाहीत.

‘एचडीआर स्केप’ बर्फावर वापरू नका. डोंगराच्या कडांभोवती उजळ वलय उमटतं आणि बर्फ सिमेंटसारखा दिसतो.

लाइटरूम: फोटो खूप असतील आणि वेळ कमी असेल तर

ॲडोबीचं लाइटरूम 2007 पासून आहे आणि बर्फाच्या कामात त्याची खरी ताकद आहे मास्किंगमध्ये, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून फक्त तेवढाच बदलण्यात. ‘सिलेक्ट स्काय’ एका टिचकीत आकाश वेगळं काढतं. तोच मास्क उलटा केला की खालचा सगळा डोंगर हाती येतो. त्यातून उजेडाच्या पट्ट्यानुसार सावलीचा भाग छाटून घ्यायचा आणि तेवढ्याचाच निळेपणा उतरवायचा. आकाशाचा निळा रंग जागच्या जागी राहतो. रंगांच्या पट्टीत जाऊन सरसकट निळा कमी करणाऱ्यांच्या फोटोत आकाशही राखाडी होतं, ते इथे टळतं.

कॉम्प्युटरवर ‘व्हाइट्स’चा स्लायडर ओढताना विंडोजवर ऑल्ट किंवा मॅकवर ऑप्शन दाबून ठेवा. स्क्रीन काळी होते आणि बर्फाचा जो भाग कोरा होतोय तेवढाच चमकून दिसतो. पहिले ठिपके दिसले की हात आवरा. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या शून्य ते दहा पायऱ्या) पोत दिसणारा बर्फ सातव्या-आठव्या पायरीवर बसतो. दहावी पायरी म्हणजे कोरा कागद. हिस्टोग्रामच्या (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखाच्या) भाषेत सांगायचं तर बर्फाचा उंचवटा उजवीकडे हवा, पण भिंतीला चिकटलेला नको.

पोतासाठी ‘टेक्श्चर’ हलकंसं वाढवलं की वाऱ्याचे तरंग छान उठतात. ‘डीहेझ’ जपून वापरा. दूरच्या शिखरांवरचं धुकं जातं खरं, पण पुढचा बर्फ गडद आणि निळसर होतो. डीहेझ फक्त मागच्या रांगेवर मास्क करून द्यावा असं माझं ठाम मत आहे.

एका फोटोवर बसवलेली सेटिंग्ज त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंवर एकदम उतरवता येतात, आणि आकाशाचा मास्क प्रत्येक फोटोसाठी नव्याने आखला जातो. वेळ वाचतो तो इथे. किंमत म्हणजे वर्गणी. मोबाइलवर प्राथमिक स्लायडर फुकट मिळतात. पण बर्फासाठी लागणारं मास्किंग हवं तर पैसे भरावे लागतात. वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकमध्ये जुने फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण एडिटिंगचा डेव्हलप विभाग बंद होतो. वर्षातून एकच ट्रेक करणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

डार्कटेबल: लॅपटॉप आहे आणि शिकायची तयारी आहे तर

हे पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत आहे, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतं. वर्गणी नाही, खातं उघडायचं नाही. केलेले बदल फोटोशेजारी छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतात, मूळ फाइलला धक्का लागत नाही.

बर्फासाठी यातलं ‘टोन इक्वलायझर’ मला लाइटरूमपेक्षाही आवडतं. माउसचा बाण सावलीतल्या उतारावर न्यायचा आणि चाक फिरवायचं. तेवढ्याच उजेडाचे सगळे भाग वर येतात, धारेवरचं ऊन हलत नाही, कडाही शाबूत राहतात. कुठल्या स्लायडरला काय म्हणतात हे पाठ करावं लागत नाही, जिथे बोट दाखवाल तिथे काम होतं. पॅरामेट्रिक मास्क त्याहून पुढे जातो. ‘काळपट आणि निळा असेल तेवढाच भाग’ अशी अट घालून रंगाची दुरुस्ती तिथेच थांबवता येते. अर्थात आकाशही त्या अटीत बसलं तर ब्रशने ते वेगळं काढावं लागतं, एका टिचकीची सोय नाही.

अडचण आहे ती सुरुवातीची. पहिल्यांदा उघडल्यावर मॉड्यूलची भली मोठी यादी समोर येते आणि फोटो कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा फिका दिसतो. घाबरू नका. एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, टोन इक्वलायझर आणि सिग्मॉइड एवढ्या चारांवर बर्फाचं बहुतेक काम होतं. लॅपटॉप जुना असेल तर नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) काढताना तो रेंगाळतो. नुकत्याच बाजारात आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल पुढची आवृत्ती येईपर्यंत उघडली नाही, असंही होऊ शकतं.

कुठलंही घ्या, या दोन जागा सांभाळा

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (जिथे टेकवाल ती जागा रंगहीन धरून बाकीचे रंग बसवणारं साधन) सावलीतल्या बर्फावर टेकवू नका, उन्हातल्या पण कोऱ्या न झालेल्या बर्फावर टेकवा. सूर्योदयाच्या फोटोत तर तो वापरूच नका. बर्फावरची गुलाबी झाक हाच त्या फोटोचा प्राण असतो आणि ड्रॉपर नेमकी तीच पुसतो. सावलीतला निळाही पूर्ण काढू नये, थंडी डोळ्यांना त्यातूनच कळते.

दुसरी जागा आकाशाची. ते आयतं बदलून देणारी साधनं आता बरीच आहेत, पण बर्फाच्या फोटोत त्यांचा मोह टाळा. बर्फ आकाशाच्या उजेडाने रंगलेला असतो. वर केशरी संध्याकाळ चिकटवली आणि खाली दुपारचा निळसर बर्फ तसाच राहिला, तर काय चुकलंय हे सांगता आलं नाही तरी पाहणाऱ्याला खटकतं.

माझी शिफारस विचाराल तर फोनवरच काढता आणि मोजकेच फोटो ठेवता, तर स्नॅपसीडच्या पुढे जायची गरज नाही. कॅमेऱ्यातून रॉ काढत असाल तर वर्गणी भरण्याआधी डार्कटेबलला काही निवांत संध्याकाळी द्या. तरीही हात बसला नाही किंवा फोटोंचा ढीगच मोठा असेल, तर लाइटरूम घ्या.

ठरत नसेल तर एकच फोटो स्नॅपसीड आणि डार्कटेबल दोन्हींत करून बघा, दोन्ही फुकट आहेत. मग 100 टक्के झूम करून बर्फाची धार आकाशाला जिथे भिडते ती रेघ तपासा. तिथे पांढरी किनार आहे का, आकाशात पट्टे पडलेत का, धारेवरचे बर्फाचे कण सुटे दिसतात का. फोन आणि लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड आधी सारखा करून घ्या, नाहीतर जास्त उजळ स्क्रीनवरचाच फोटो चांगला वाटेल.