लांब वचनाचा नवा अँड्रॉइड की वापरलेला आयफोन?

माझ्या मावसभावाला यंदा चवथीला फोन बदलायचा आहे. त्याच्या बजेटात दोनच गोष्टी बसतात. एक, मधल्या किमतीचा नवा अँड्रॉइड, ज्याला कंपनीने सहा वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलंय. दुसरा, वापरलेला पण बरा राखलेला आयफोन 13. कॅमेरा, स्क्रीन, प्रोसेसर हे सगळं त्याने युट्यूबवर बघून ठेवलंय. मला त्याने एकच विचारलं: ‘दादा, ह्यातला कुठला जास्त वर्षं अपडेट होत राहील?’

आमच्या घरात हे दोन्ही फोन वर्षभराहून जास्त काळ आहेत. नवा अँड्रॉइड पत्नीकडे, वापरलेला आयफोन माझ्याकडे. त्यामुळे जे सांगतोय ते आमच्या अनुभवातलं.

कागदावर अँड्रॉइड पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. ऑक्टोबर 2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 ला सात वर्षांचं वचन दिलं, जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस24 ला तेवढंच दिलं, आणि पुढे गॅलेक्सी ए16 सारख्या स्वस्त फोनलाही सहा वर्षं मिळाली. चार-पाच वर्षांपूर्वी ह्या किमतीत असं काही मिळेल असं मला वाटलं नव्हतं. आयफोन 13 आला 2021 साली. आयफोन 6एसला आयओएसच्या, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमच्या, 9 ते 15 अशा सात आवृत्त्या मिळाल्या, एक्सएसला 12 ते 18 अशा सातच. आयफोन एक्सला मात्र सहाच. ह्या हिशेबाने 13 ला 2027 पर्यंत नवी आवृत्ती मिळावी आणि त्यापुढे थोडा काळ सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारी छोटी अपडेट. हा अंदाज माझा, कंपनीचा शब्द नव्हे.

तरीही माझं मन आयफोनकडे का झुकतं, त्याचं कारण माझ्या आधीच्या फोनमध्ये आहे.

तो अँड्रॉइडच होता. कंपनीचं नाव घेत नाही. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो. सुके बांगडे, सोलां (आमसुलं), हळदोण्याच्या मिरच्या असं सगळं पिशवीत भरून झालं आणि पैसे द्यायला बँकेचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, आधी मला अपडेट करा. प्ले स्टोअरमध्ये गेलो तर तिथे लिहिलेलं, ही आवृत्ती तुमच्या फोनवर चालत नाही. म्हणजे फोनची सिस्टिम जुनी झाली. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सिस्टिम अपडेट दाबलं. थोडा वेळ गोल फिरलं आणि हिरवी खूण आली: आपला फोन अद्ययावत आहे. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत सुरक्षा पॅचची तारीख होती, दीड वर्षापूर्वीची.

ऊन डोक्यावर, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली आणि मी ह्या तीन स्क्रीनमध्ये फिरतोय. बांगडेवालीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘फुडल्या शुक्रारा दिल्यार जाता.’ तिने विश्वास ठेवला. फोन जुना झाला ह्याचा मला तेवढा राग नव्हता, वस्तू जुनी होणारच. पण जो फोन कंपनीने सोडून दिलाय तो मला हिरवी खूण दाखवून सगळं ठीक आहे म्हणतो, हे मला अजून पटलेलं नाही. त्या खुणेचा अर्थ एवढाच की कंपनीकडे तुम्हाला द्यायला आता काही उरलेलं नाही. हे सरळ लिहायला काय हरकत आहे?

असं का होतं, तर अँड्रॉइडचं अपडेट तीन हातांतून येतं. गूगल नवी आवृत्ती काढतं, चिप बनवणारी कंपनी तिच्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि सिस्टिम जोडणारं सॉफ्टवेअर, देते, मग फोन कंपनी त्यावर आपला साज चढवून, तपासून, टप्प्याटप्प्याने पाठवते. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 पासून गूगलने चिपचा भाग बराच वेगळा केला, त्याने फरक पडलाही. पण मधल्या कुणी एकाने हात काढला की साखळी तुटते. ॲपलकडे चिप आणि सिस्टिम दोन्ही घरचीच. सप्टेंबर 2025 मध्ये आयओएस 26 (18 नंतरची थेट पुढची आवृत्ती) आलं ते 2019 च्या आयफोन 11 लाही, नंतरच्या आयफोनना मिळालं त्याच दिवशी. बाद झालेल्या फोनलाही कधी कधी पॅच मिळतो: 2013 च्या आयफोन 5एसला जानेवारी 2023 मध्ये 12.5.7 मिळालं होतं.

पत्नीच्या फोनबद्दल तक्रार अशी नाही. वचनाप्रमाणे एक मोठं अपडेट आलं, फक्त बातमी वाचल्यावर बरेच महिने थांबावं लागलं. स्वस्त मॉडेलांना सुरक्षा पॅच दर महिन्याला न येता तिमाहीला येतात, हेही लक्षात ठेवावं. तिला त्याने काही अडत नाही. पण कमी रॅमच्या फोनला चौथं-पाचवं अपडेट मिळालं तरी ते पेलेल का, ही शंका मला आहे. सात वर्षांचं वचन पूर्ण झालेलं अजून कुणी पाहिलेलं नाही, पिक्सेल 8 चं 2030 मध्ये कळेल. आणि वर्षं मोजली जातात ती फोन बाजारात आल्यापासून. सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर सहातली दोन गेलीच.

आयफोनच्या बाजूने सगळं गोड आहे असंही नाही. वापरलेल्या फोनची बॅटरी झिजलेली असते, ती बदलायचा खर्च किमतीत धरूनच चालावं. बदलताना फोन उघडला की पाणी अडवणारं सील पहिल्यासारखं राहीलच असं नाही, आणि आपल्याकडच्या पावसात स्कूटरवरून फिरणाऱ्याला हे महत्त्वाचं. 13 ला चार्जिंगची वायर वेगळी लागते. 12 घेऊ नये असं मी म्हणेन, त्यात 64 जीबीचे पुष्कळ मिळतात आणि दर अपडेटला जागा करत बसावं लागतं. अपडेट थांबल्यावर अँड्रॉइडमध्ये क्रोम ब्राउझर आणि प्ले सर्व्हिसेस (मागे चालणारा गूगलचा भाग) आणखी काही काळ नव्या होत राहतात, आयफोनमध्ये सफारी हा ब्राउझर सिस्टिमबरोबरच थांबतो.

मावसभाऊ फोन तीन-चार वर्षांत बदलतो, म्हणून त्याला मी 13 कडे बघ म्हटलं. माझ्या आईला सहा वर्षं एकच फोन हवा असता तर बहुधा यंदाचंच मॉडेल असलेला अँड्रॉइड घेऊन दिला असता. मावसभावाने अजून ठरवलेलं नाही. परवा तो दुकानात गेला होता, तेव्हा दुकानदाराने कॅमेरा दाखवायला सुरुवात केली. ह्याने सेटिंग उघडायला सांगितलं आणि आधी पॅचची तारीख वाचली.