अ मायटी विंड: टिंगल करायला निघाले आणि गाणीच चांगली करून बसले

होम अलोनमधली केविनची आई आणि अमेरिकन पायमधला जिमचा बाप या दोघांनी एका पिक्चरमध्ये एकेकाळच्या फेमस प्रेमी-गायकांची जोडी केलीये, एवढं सांगितलं तरी बरेच जण लावतील, आणि लावाच. अ मायटी विंड, 2003 चा, डिरेक्टर क्रिस्टोफर गेस्ट, जेमतेम दीड तास. प्रकार मॉक्युमेंटरी, म्हणजे खोटी डॉक्युमेंटरी, सगळे कॅमेऱ्यासमोर बसून एकदम सिरियसली मुलाखती देतात आणि आपण काय बरळतोय याचा एकालाही पत्ता नसतो.

स्टोरी म्हणाल तर एवढीशीच. अर्व्हिंग स्टाइनब्लूम नावाचा फोक गायकांचा जुना मॅनेजर वारतो आणि त्याचा मुलगा जोनाथन ठरवतो की वडिलांनी मोठे केलेले तीन ग्रुप न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये एका रात्रीसाठी परत स्टेजवर आणायचे, तेही टीव्हीवर लाइव्ह आणि तेही दोन आठवड्यांत. हा जोनाथन (बॉब बालबन) असला घाबरट आहे की स्टेजवरची फुलांची सजावट बघून त्याला आधी काय सुचतं तर ही कोणाच्या तरी डोळ्यात जाईल, आणि हॉलच्या माणसाला तो ते इतक्या शांतपणे समजावत बसतो की त्या माणसाचा पेशन्स संपत आलेला आपल्याला दिसतो, याला नाही दिसत. मला तर संपूर्ण पिक्चरमधला हा सीन सगळ्यात आवडला.

आता फोक म्हटल्यावर आपल्या डोक्यात भारूड-पोवाडा येतो, तसलं काही नाहीये हे. 1958 मध्ये किंग्स्टन ट्रिओ या ग्रुपचं टॉम डूली हे गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं आणि मग काही वर्षं तिथे लाटच आली, कॉलेजातली गोरीगोमटी पोरं एकसारखे शर्ट घालून खाणकामगारांची, खुनांची आणि रेल्वे अपघातांची गाणी हसत हसत म्हणायला लागली. 1964 ला बीटल्स अमेरिकेत उतरले आणि ही मंडळी बाजूला पडली. पिक्चरमधले तिन्ही ग्रुप त्या काळातल्या खऱ्या ग्रुपांसारखेच वाटतात, फोक्समेन म्हणजे किंग्स्टन ट्रिओ, न्यू मेन स्ट्रीट सिंगर्स म्हणजे न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स आणि मिच अँड मिकी म्हणजे इयन अँड सिल्व्हिया. हे माहीत नसलं तरी काही अडत नाही, माहीत असलं तर जास्त हसाल एवढंच.

फोक्समेन म्हणजे स्वतः गेस्ट, मायकल मकीन (बेटर कॉल सॉलमधला चक!) आणि हॅरी शिअरर (सिम्पसन्समधल्या मिस्टर बर्न्सचा आवाज). हेच तिघं 1984 च्या धिस इज स्पायनल टॅपमध्ये हेवी मेटलवाले होते, इथे टक्कल आणि दाढ्या घेऊन परत आलेत. यांचं हिट गाणं एका खाणावळीवर आहे, तिच्या ‘ईट अॅट जोज’ या नियॉन पाटीतली काही अक्षरं विझलेली आहेत, तर कोरसमध्ये हे तिघं उरलेली अक्षरं जशीच्या तशी ठणकावून म्हणतात, ईऽ आ ओज! अजून एक गाणं खाणीतल्या रेल्वे अपघातावर आहे. अमेरिकन फोकमध्ये खाणीतल्या दुर्घटनेची गाणी वेगळी आणि रेल्वे अपघाताची वेगळी, 1903 ला व्हर्जिनियात ओल्ड 97 नावाची गाडी पुलावरून कोसळली त्याचं गाणं तर अजून गातात लोक, यांनी काय केलं तर दोन्ही रडगाणी एकत्र केली आणि गाडी सरळ चुकीच्या बोगद्यात घातली. आणि सुरात म्हणतात हो! तीन आवाज असे लागतात की जोक कळायच्या आधी पाय हलायला लागतो.

माझं म्हणणं तेच आहे, की नुसती टवाळी करायची असती तर वाईट गाणी चालली असती, यांनी मेहनत घेऊन चांगली केली. डायलॉग बरेचसे ऐन वेळी सुचलेले, पण गाणी आधी नीट बसवलेली, आणि स्टेजवर गातात-वाजवतात ते नट स्वतः. मिकी झालेली कॅथरीन ओहारा (तीच केविनची आई) यासाठी ऑटोहार्प नावाचं तारवाद्य शिकली. टायटल साँगला ग्रॅमी मिळालं. मिच अँड मिकीचं अ किस अॅट द एंड ऑफ द रेनबो मकीन आणि त्याची बायको अॅनेट ओटूल यांनी लिहिलंय, त्याला ऑस्करचं नॉमिनेशन होतं, पण त्या वर्षी लॉर्ड ऑफ द रिंग्ज सगळंच उचलून घेऊन गेला, हेही त्यातच गेलं.

या गाण्यातच पिक्चरचा जीव आहे. पूर्वी गाता गाता एका ठिकाणी थांबून दोघं एकमेकांची पप्पी घ्यायचे, त्यावरच पब्लिक फिदा. मग ब्रेकअप झालं, मिच (यूजीन लेव्ही, तोच जिमचा बाप) डोक्याने खचला, हॉस्पिटलात राहून आला, आता प्रत्येक शब्द कुठून तरी लांबून ओढून आणल्यासारखा बोलतो. मिकीने दुसरं लग्न केलंय, नवरा कॅथेटर म्हणजे लघवीच्या नळ्या विकतो आणि घरात खेळण्यातल्या आगगाड्या मांडून बसतो. तर कॉन्सर्टमध्ये ती जागा जवळ येते तसे बाकीचे सगळे गायक विंगेत गोळा होतात, कोणी काही बोलत नाही. काय होतं ते सांगत नाही. मी हसायच्या तयारीत होतो आणि घशात आवंढा आला, बास.

कंटाळा कुठे आला? न्यू मेन स्ट्रीट सिंगर्सच्या भागात. नऊ जण, सारखे स्वेटर, सारखं हसू, मधेच रंगांची पूजा करणारा काहीतरी पंथ. जेन लिंच मस्त आहे पण पार्कर पोझीसारखी नटी घेऊन तिला जवळजवळ काहीच दिलेलं नाही. यांचा मॅनेजर झालेला फ्रेड विलार्ड मात्र येईल तिथे सीन खाऊन टाकतो, एकेकाळी एका वर्षात बंद पडलेल्या सिरियलमधला स्वतःचा डायलॉग अजून सगळ्यांना ऐकवत फिरणारा माणूस, असा एक तरी आपल्या ओळखीत असतोच. आणि शेवटी शिअररच्या पात्रावर एक जोक आहे, पुरुष म्हणून वावरलेला माणूस आता बाई म्हणून समोर येतो आणि त्यावर आपण हसायचं अशी अपेक्षा, तो आज बघताना नको वाटतो. त्यापेक्षा मिकीचा शेवट बघा, नवऱ्याच्या कंपनीच्या स्टॉलवर ऑटोहार्प घेऊन लघवीच्या नळीची जाहिरात गातेय, आणि तीही मन लावून.

ठो ठो हसायचं असेल तर याच टीमचा बेस्ट इन शो आधी बघा, तो जास्त विनोदी आहे. याला साडेतीन स्टार, साउंडट्रॅकला साडेचार. सबटायटल्स लावूनच बघा, अर्धे जोक पुटपुटलेले आहेत. आणि 2004 च्या ऑस्करला लेव्ही आणि ओहारा मिच-मिकी बनूनच गायला आले होते, तो व्हिडिओ पिक्चरच्या आधी बघू नका, मजा जाईल.