परदेशी निघालेल्यांसाठी जळगावातील वाचनवर्ग
परदेशी प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास जळगावात गल्लोगल्ली आहेत. मात्र परदेशी विद्यापीठात गेल्यावर दर आठवड्याला पुढ्यात येणारे इंग्रजी शोधनिबंध वाचायचे कसे, हे शिकवणारा वर्ग माझ्या पाहण्यात हा एकच आहे. आयईएलटीएसच्या वाचन परीक्षेत ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात, त्यामुळे उत्तर हुडकण्याची सवय लागते. पदव्युत्तर अभ्यासात असे प्रश्न कोणी काढून देत नाही. लेखकाचे म्हणणे काय आणि त्याला आधार कोणता, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे असते.

केळीच्या ठिबक सिंचनावरील निबंधाने सुरुवात होते, ही निवड मला फार आवडली, कारण रावेर-यावलच्या मुलांना विषय घरचाच असल्याने अडते ते विषयामुळे की भाषेमुळे, हे तत्काळ कळते. सर आधी सारांश, मग आलेख व तक्ते, त्यानंतर निष्कर्ष वाचायला लावतात. प्रस्तावना आणि पद्धतीची पाळी शेवटी येते. चार-चार ओळींच्या वाक्यात प्रथम मुख्य क्रियापद शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, मग कर्ता कोणता ते पाहायचे, आणि परिच्छेद संपला की कागद पालथा घालून आशय शेजारच्याला मराठीत, अहिराणीत किंवा लेवा बोलीत सांगायचा. वर्गात इंग्रजीच बोलले जावे, असा काही पालकांचा आग्रह असतो. मला तो पटत नाही, कारण इंग्रजीत सांगताना मूळ वाक्येच परत म्हणून वेळ मारून नेता येते, बोलीत तसे करता येत नाही.

पहिल्या वाचनात मोबाइलवरील शब्दकोश बंद ठेवावा लागतो आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा आडवा आला तरच अर्थ पाहण्याची मुभा असते. भाषाअभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुळ) यादीही देतात. शैक्षणिक मजकुरातील सुमारे १० टक्के शब्द तिच्यात येत असल्याने ती उपयोगाची आहेच, पण निबंधातून शिकवण्याऐवजी ती पाढ्यांसारखी पाठ करून घेतात, हे खटकते.

झेरॉक्स काळ्या-पांढऱ्या असल्याने आलेखातील रंगीत रेषा एकसारख्याच दिसतात. शुल्क पाहता एवढी काटकसर नको होती. चोपड्याकडची मुले एसटीसाठी चर्चा अर्धवट टाकून उठतात, म्हणून वेळही अलीकडे आणायला हवी. मोठी उणीव सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना जाणवेल. इतिहास वा समाजशास्त्रावरील लेखांत पद्धती, निष्कर्ष असे ठरावीक भाग बहुधा नसतात, युक्तिवाद पानोपानी पुढे सरकतो, आणि वर्गातली वाचनाची क्रमवारी तिथे कोलमडते. अशांनी आपल्या विषयाचा लेख आठवडाभर आधी सरांकडे द्यावा. ते तो वर्गात घेतात, मात्र ही सोय माहितीपत्रकात छापलेली नाही.